स्टेपनी नसलेली गाडी आणि ताम्हिणीत बसलेला टायर

घाटवाट्या | सोमवार, रात्री १०:१२

काल जे झालं ते इथे लिहून ठेवतोय. गणपतीला निम्मं पुणं याच रस्त्याने खाली उतरणार आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या डिकीत माझ्यासारखीच स्टेपनी नसणार.

गाडी सात महिन्यांची, कंपनी फिटेड सीएनजी हॅचबॅक. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जाईल. घेताना सेल्सवाल्याने डिकीतला गालिचा उचलून दाखवला होता. "सर, स्टेपनीच्या जागी हे किट, एकदम सोपं." मी मान हलवली. बायको म्हणाली, "म्हणजे चाक नाहीच?" तर तिलाच मी ट्यूबलेस टायर कसा हळूहळू बसतो यावर व्याख्यान दिलं. ते व्याख्यान मला काल परत ऐकवण्यात आलं, शब्द न् शब्द.

तर काल माणगावला सासुरवाडीला निघालो. मी, बायको, आई आणि नऊ वर्षांची लेक. मुळशीपर्यंत रविवारची जत्रा, पुढे ताम्हिणी गावानंतर रस्ता मोकळा. डोंगरवाडी सोडली आणि धुकं एवढं की समोरच्या गाडीचे फक्त लाल दिवे दिसत होते. एका वळणावर डाव्या बाजूला दरड साफ करून उरलेले धोंडे होते, एकावरून मागचं चाक गेलं. खण्ण आवाज. दोन मिनिटांत डॅशबोर्डवर टायरची हवा कमी झाल्याचा पिवळा नाल पेटला, तो मधे उद्गारचिन्ह असलेला.

जरा रुंद जागा बघून थांबलो. डावा मागचा टायर अर्धा बसलेला. पाऊस आडवा. किट काढलं. एक छोटा काळा पंप, त्याला उलटी लावायची, भोक बुजवणाऱ्या दुधाळ औषधाची बाटली, एक नळी, आणि चित्रांचा कागद. चित्रातला माणूस उन्हात उभा होता.

बाटली बसवली, नळी व्हॉल्व्हला लावली, गाडी चालू ठेवून वायर बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातली. पंप सुरू केला तर काटा एकदम साठच्या वर! मी घाबरून बंद केला. बायकोने कागद वाचला: आधी औषध ढकललं जातं म्हणून काटा वर जातो, मग उतरतो. परत सुरू केला. काटा उतरला तो उतरलाच. बारा पीएसआयच्या वर जाईना. आणि लेक म्हणाली, "बाबा, टायरमधून दूध येतंय."

खरंच येत होतं. टायरची जमिनीला लागणारी बाजू संपून कड सुरू होते तिथे, खांद्यावर, दीड-दोन सेंटिमीटरचा काप होता. पांढरी धार पावसाच्या पाण्यात मिसळून गटाराकडे चाललेली. हाताला रबराचा आणि फिनेलचा असा मिश्र वास, तो आज सकाळपर्यंत गेला नव्हता. कागदावर शेवटच्या ओळीत लिहिलेलंच होतं: दहा मिनिटांत १.८ बार, म्हणजे साधारण २६ पीएसआय झाले नाहीत तर गाडी चालवू नये. पण मग काय करावं, ते लिहिलेलं नव्हतं.

तिघांच्या फोनला मिळून एक कांडी रेंज नाही. रस्त्यावर फांदी तोडून टाकली, चाकाला दगड लावले, आईला छत्री देऊन कठड्याच्या आत उभं केलं. वीसेक गाड्या गेल्या. दोघांनी काच खाली करून "स्टेपनी नाही?" असं विचारलं आणि नाही म्हटल्यावर फार वाईट वाटून पुढे गेले.

थांबली ती एसटी. श्रीवर्धन गाडी. कंडक्टर उतरले, टायर बघितला आणि म्हणाले, "बाईमाणसांना आमच्यात बसवा, माणगावला उतरवतो. तुम्ही थांबा, विळे फाट्यावर पोरगा आहे, त्याला सांगतो." आई माझ्याकडे न बघता चढली.

पाऊण तासाने तो पोरगा मोटरसायकलवर आला. पाठीला सॅक, त्यात भोकात ठासायच्या रबरी पट्ट्या, टोच्या, सोल्यूशन आणि बॅटरीवरचा पंप. टायरवर हात फिरवला आणि विचारलं, "हे दूध तुम्ही घातलं?" मी हो म्हणालो. "मग आता माझं सोल्यूशन धरत नाही ना." माझं जुनं बनियन डिकीत होतं, त्याने काप आतबाहेर पुसून काढला. एका भोकात तीन पट्ट्या ठासल्या. हवा भरली, थुंकी लावून बघितलं, बारीक बुडबुडा. "वीसच्या स्पीडने या, मी मागे आहे. मधे कुठे थांबलात तर परत बसेल." मी एकटा, खिडक्या उघड्या, कान मागच्या चाकाकडे. विळ्याला पोचलो, त्याने परत हवा भरली, तसंच माणगाव. तिथे माझ्या साइजचा नवा टायर नव्हता, एक वापरलेला मिळाला, अठराशेला. त्या पोराने सहाशे घेतले. मी हजार देत होतो, तर म्हणाला नंबर सेव्ह करा.

आता प्रश्न. एक, असं चाक न देणं कायद्यात बसतं का? दोन, वेगळी स्टेपनी घ्यावी का, आणि ठेवू कुठे, डिकीत तर सिलिंडर आहे. तीन, ते दूध घातलं ते चुकलंच का?

---

टण्या_पुणेकर | सोमवार, रात्री १०:३१

चित्रातला माणूस उन्हात उभा होता 😂😂

आई एसटीत चढली ते डोळ्यांसमोर आलं.

---

कायदेकानून | सोमवार, रात्री १०:५८

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: बसतं. जुलै २०२० मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. साडेतीन टनांपर्यंतची, चालक धरून नऊपर्यंत माणसं बसणारी गाडी असेल आणि तिला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल, तर स्टेपनी सक्तीची नाही. तिन्ही गोष्टी हव्यात. तुमचा पिवळा नाल हीच ती यंत्रणा.

तेव्हा कारणं सांगितली गेली ती अशी की जागा वाचते, इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीला ती जागा देता येते. सीएनजीवाल्यांनाही ते पथ्यावर पडलं. एका चाकाचं पंधरा किलोच्या आसपास वजन आणि त्याचे पैसे वाचतात हे कंपन्यांनी सांगायची गरज नाही.

नवी गाडी घेणाऱ्यांनी एकच करा, बुकिंगच्या आधी सेल्सवाल्याला गालिचा उचलायला लावा. आणि उचलल्यावर घाटवाट्यांसारखी मान हलवू नका.

---

बाराचा_पाना | सोमवार, रात्री ११:४०

टायरचं दुकान आहे आमचं, वडिलांच्या काळापासून, कोल्हापूर बाजूला. जरा सविस्तर लिहितो.

साहेब, दूध घातलं ते चूक नाही, बघण्याआधी घातलं ती चूक. ते औषध खिळ्यासाठी आहे. टायरचा जो भाग जमिनीला टेकतो, नक्षीचा, त्यात खिळा, स्क्रू, तार गेली आणि भोक चार-पाच मिलीमीटरपर्यंत असलं तर ते उत्तम चालतं. खिळा उपटायचा नाही, आतच राहू द्यायचा, तोच निम्मं भोक बंद करून बसलेला असतो. औषध गेलं, हवा भरली की लगेच गाडी हलवायची, कारण चाक फिरल्याशिवाय ते आत पसरत नाही. पाचेक किलोमीटर गेल्यावर थांबून परत हवा तपासायची. ऐंशीच्या वर जायचं नाही, त्यासाठीच किटमध्ये ८० चा स्टिकर असतो, तो स्टीअरिंगजवळ समोर चिकटवायला. लोक तो काचेवर लावतात शोभेला.

खांद्यावर किंवा बाजूच्या भिंतीवर काप असेल तर जगातलं कुठलंच दूध चालत नाही. भिंत चालताना सारखी दबते-फुलते, तिथे काही धरत नाही. त्या पोराने तीन पट्ट्या मारल्या ती फक्त तुम्हाला घाटातून बाहेर काढायची सोय होती. माणसं बसवून, साठच्या स्पीडने तसं आला असतात तर आज धागा दुसऱ्या कुणी काढला असता. त्याने वीस सांगितलं आणि मागे राहिला, पोरगा शहाणा आहे.

आता आमच्या बाजूची तक्रार. औषध घातलेला टायर घेऊन येता तर आधी तोंडाने सांगा हो! आम्ही मशीनवर टायर उघडतो आणि ते सगळं अंगावर उडतं. गेल्या पावसाळ्यात कामाच्या पोराच्या डोळ्यात गेलं. ओलं असेल तर पाण्याने धुऊन निघतं. दोन महिने तसंच फिरलात तर ते आत सुकून सालपटं होतात, चाकाचा बॅलन्स जातो, स्टीअरिंग थरथरतं, मग "नवीन गाडी थरथरते" म्हणून सर्व्हिस सेंटरला भांडता. आणि चाकात दाबाचा सेन्सर असेल तर तोही धुवायला सांगा.

पक्कं काम म्हणजे टायर उतरवून आतून मशरूम, म्हणजे छत्रीच्या आकाराचा रबरी पॅच. बाहेरून पट्टी हे चालतं, वर्षानुवर्षं चालतं, पण आतून बघितल्याशिवाय टायर किती खराब झालाय ते कळत नाही.

---

सोनचाफा | मंगळवार, सकाळी ७:२०

बाराचा पाना, फार छान लिहिलंत. एक विचारू? हवा गेलेल्या टायरवर किती अंतर चालवता येतं? सगळे म्हणतात अजिबात नाही. मी चालवली आहे.

नाशिकहून परत येत होते, एकटी, रात्री सव्वाअकरा. संगमनेरच्या पुढे उजवा पुढचा बसला. दोन्ही बाजूंना ऊस आणि अंधार. माझ्याकडे स्टेपनी होती, जॅक होता, चाक बदलता येतं मला. पण मी उतरलेच नाही. चारही इंडिकेटर लावले, पहिल्या गिअरमध्ये, फट फट फट आवाज करत पेट्रोल पंपापर्यंत गेले. दोन किलोमीटर असेल. तिथे दिवे होते, माणसं होती, तिथे बदललं. टायर गेला, रिमला थोडा पोचा आला. नवऱ्याने खर्चाचा हिशोब काढला तेव्हा त्याला म्हटलं, तू ये पुढच्या वेळी रात्री उसात उतरायला.

---

बाराचा_पाना | मंगळवार, सकाळी ८:०५

ताई, तुम्ही केलं ते बरोबर. टायर विकत मिळतो.

बाकीच्यांसाठी: हवा नसलेल्या टायरवर तीन-चारशे मीटर गेलात तरी आतली भिंत घासायला लागते. उघडल्यावर आत काळा भुगा निघतो, बुक्का सांडल्यासारखा. तो भुगा दिसला की टायर संपला, पंक्चर काढून परत घालू नका, कितीही नवा दिसला तरी. पंक्चरवाल्याला तो भुगा दाखवायला लावा. जो दाखवत नाही त्याच्याकडे परत जाऊ नका.

---

म्हातारं_इंजिन | मंगळवार, सकाळी ९:४४

थोडं अवांतर. हा "स्टेपनी" शब्द कुठून आला माहीत आहे का? वेल्समध्ये लानेल्ली नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक विकायला सुरुवात केली, तेव्हा मोटारींना असं चाक मिळतच नसे. त्याला आरे नव्हते. हवा भरलेला टायर चढवलेली नुसती कडी, ती पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून पकडींनी आवळायची आणि जायचं. कंपनी गेली, रस्त्याचं नाव आपल्या तोंडात राहिलं.

माझ्या पहिल्या फियाटला पंक्चर झालं की ट्यूब काढून, घासून, पॅच लावून, पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे बघायचे. तेव्हा जॅक, टॉमी, पंप आणि पॅच डिकीत असायचेच, पण ते वापरता न येणारा माणूस गाडी घ्यायचाच नाही.

---

टण्या_पुणेकर | मंगळवार, सकाळी ९:५१

काका, आमच्या सासऱ्यांनी किटचं नावही "स्टेपनीची बाटली" ठेवलंय. लानेल्लीला कळवा.

---

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, दुपारी १:१५

घाटात निदान मोटरसायकलवर पोरगा तरी आला. समृद्धीवर तेही नाही.

मागच्या मे महिन्यात अमरावतीहून मुंबईला. नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटरचा रस्ता, सगळा काँक्रीट, दुपारी दोन वाजता वर ऊन आणि खाली तवा. दुचाकी आणि रिक्षा यायला बंदी, त्यामुळे गावातला पंक्चरवाला इच्छा असली तरी वर चढू शकत नाही. बाजूला कुंपण, दुकान नाही. उतरायचा रस्ता चुकला की पुढचा कुठल्या कुठे. तिथे पिवळा दिवा लागला तेव्हा आधी पोटात गोळा आला.

पण माझं पंक्चर खिळ्याचं होतं, अगदी नक्षीच्या मधोमध, चकाकत होता. कुटुंबाला पत्र्याच्या कठड्यापलीकडे उभं केलं. हे फार महत्त्वाचं, गाडीत बसवून ठेवायचं नाही. लोक तिथे १२० ने येतात आणि काँक्रीटवर डोळा लागतो माणसाचा. किट लावलं. सहा मिनिटांत ३३ झालं. डाव्या कडेने सत्तर-ऐंशीने पुढच्या इंटरचेंजला उतरलो, जालन्यात पक्कं काम करून घेतलं. म्हणून मी त्या बाटलीला नावं ठेवणार नाही. जॅक लावून, ट्रकच्या वाऱ्यात, रस्त्याच्या बाजूला बसून नट खोलण्यापेक्षा ती सहा मिनिटं कधीही परवडली.

निघण्याआधी टायर थंड असताना हवा भरा. दोन तास तापून हवा जास्त दिसली म्हणून काढू नका, थंड झाल्यावर कमी पडते, आणि कमी हवेचा टायरच जास्त तापतो आणि फुटतो.

---

फ्रँकफुर्टचा_बंड्या | मंगळवार, दुपारी ४:३०

इथे जर्मनीत बहुतेक नव्या गाड्यांत स्टेपनी नसतेच, किट असतं, आणि लोक त्यालाही हात लावत नाहीत. एडीएसीला, म्हणजे इथल्या मोटारवाल्यांच्या क्लबला फोन करतात, पिवळी गाडी येते, तिला लोक "पिवळे देवदूत" म्हणतात. बाहेरून पट्टी ठासणं म्हणजे इथे दुरुस्ती मानतच नाहीत, टायर उतरवून आतूनच. मी एकदा भारतातून आणलेला पट्टीचा संच शेजाऱ्याला दाखवला तर त्याने असं बघितलं की जणू मी घरी दात काढतो.

---

घाटवाट्या | मंगळवार, दुपारी ४:४२

बंड्या, तुमच्या देवदूताला ताम्हिणीत रेंज मिळेल का?

---

नट_बोल्ट | मंगळवार, रात्री ८:०९

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही. स्टेपनी घ्यायची तर काय बघायचं.

गाडीला आहे त्याच साइजची मिळाली तर डोकं चालवायची गरज नाही, पण अलॉयची महाग पडते. त्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरिअंटचं लोखंडी रिम स्वस्तात मिळतं, जुन्या बाजारात तर आणखी कमी. तिथे हिशोब करायचा तो टायरच्या एकूण व्यासाचा. उदाहरणार्थ १८५/६५ आर १५, म्हणजे रुंदी १८५ मिलीमीटर, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंचांचं. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलीमीटर, अधिक १८५ च्या ६५ टक्के दोन वेळा, २४०.५. एकूण ६२१.५. आता १६५/८० आर १४: ३५५.६ अधिक २६४, एकूण ६१९.६. फरक दोन मिलीमीटरचा. एवढा चालतो. रुंदी वेगळी असल्याने ते चाक दुकानापर्यंतच, सातारा-कोल्हापूर नाही. शिवाय नटांची संख्या, त्यांचं वर्तुळ, आणि लहान रिम ब्रेकला आतून घासत नाही ना, हे प्रत्यक्ष बसवून बघायचं. पुढच्या चाकाला पण बसवून बघा, फक्त मागच्याला नाही.

आणि हे सगळं करून लोक जे विसरतात ते: ज्या गाडीत स्टेपनी नाही तिच्यात बऱ्याचदा जॅकही नसतो, पानाही नसतो! माझ्या मेव्हण्याने सहा हजारांचं चाक घेतलं आणि चाकण रोडवर उभा राहून मला फोन केला, "जॅक कुठे असतो रे?"

---

सोनचाफा | मंगळवार, रात्री ८:३३

😂 मेव्हण्यांना दंडवत.

---

कोकणी_मुसाफिर | मंगळवार, रात्री ९:२७

माझी व्यवस्था सांगतो, पाच वर्षं पुणे-रत्नागिरी करतोय. किटला हात लावत नाही, ती शेवटची. वेगळा पट्टीचा संच आणि वेगळा चांगला पंप. चाक काढावं लागत नाही हे लोकांना माहीतच नसतं. पुढचं चाक असेल तर स्टीअरिंग पूर्ण फिरवा, नक्षी बाहेर येते. मागचं असेल तर गाडी वीतभर पुढे घ्या, की खिळा मागच्या बाजूला हाताशी येतो. जागा सापडली नाही तर हवा भरून कान लावा, किंवा बाटलीतलं पाणी आणि हात धुवायचा साबण.

खिळा पकडीने उपटायचा तो सगळी तयारी हाताशी ठेवून. पट्टी आधी सुईत ओवून सोल्यूशन लावून ठेवा. मग टोच्या आत, खिळा ज्या तिरक्या दिशेने गेला होता त्याच दिशेने, पाचसहा वेळा फिरवून भोक खरबरीत करायचं. मग सुई दाबायची, पट्टीची दोन टोकं बोटाच्या पेराएवढी बाहेर ठेवायची आणि सुई झटक्यात मागे. इथे जोर लागतो, खोटं सांगत नाही. पहिल्या वेळी मी खाली बसून दोन्ही पाय टायरला लावून ओढलं होतं. उरलेली टोकं ब्लेडने कापायची. पंधरा मिनिटं.

एक सावधगिरीची गोष्ट. कराडच्या अलीकडे एका दुकानात हवा बघायला थांबलो, तर त्याने साबणाचं पाणी फवारून "साहेब, चार पंक्चर" सांगितलं. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. फवारा उजव्या हातात, डाव्या हाताच्या बोटांत बारीक टोच्या. प्रत्येक बुडबुड्याच्या आधी डावा हात टायरवरून फिरायचा. तेव्हापासून मी दुकानात खुर्चीवर बसून चहा घेत नाही. चाकाशेजारी उकिडवा बसतो.

---

बाराचा_पाना | मंगळवार, रात्री १०:०२

असले लोक आमचं नाव खराब करतात. हायवेवर सरळ काम करणारे केरळवाले अण्णा आहेत, बिहारची पोरं आहेत, आमच्यासारखे आहेत. बाजूला बसून बघा, आम्हाला राग येत नाही. फक्त फोनवर शूटिंग करत सूचना देऊ नका.

आणि अजून एक, घाटवाट्यांच्या फांदीवरून आठवलं. निघताना चाकाखालचे दगड उचलून कडेला टाका. अर्ध्या लोकांचे टायर आमच्याकडे येतात ते त्या दगडांवरून गेलेले.

---

घाटवाट्या | मंगळवार, रात्री १०:२०

बाराचा पाना, मी दगड उचलले का ते आता नीट आठवत नाही. लाज वाटली वाचून.

---

कायदेकानून | बुधवार, सकाळी १०:१५

रेंज असेल तिथे: राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा नंबर, चोवीस तास, फुकट. ११२ लावला तर आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुणाची असेल ती फोन पकडतो, घाटात एकदा करून बघायचं. विमा काढताना रस्त्यावरच्या मदतीचं कलम घेतलं असेल तर टोइंग त्यात येतं, पण किती किलोमीटरपर्यंत फुकट ते वाचा. काप भिंतीवर असेल तर तोच एक मार्ग उरतो.

---

घाटवाट्या | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:५०

सगळ्यांचे आभार. अहवाल देतो.

नवा टायर टाकला. दुकानदाराने जुना उघडून दाखवला, आत काळा भुगा होता आणि त्यावर पांढरी सालपटं, दहीभातावर मोहरीची फोडणी दिल्यासारखं दिसत होतं. औषधाची नवी बाटली मागवली. आणि बाटलीवर तारीख असते हे मला आता कळलं! शेजारच्या जोशीकाकांची गाडी बघितली, तर त्यांच्या बाटलीची मुदत दीड वर्षापूर्वीच संपलेली. सोसायटीत आता मी सगळ्यांच्या डिक्या उघडत फिरतोय, वॉचमन संशयाने बघतो.

आज सकाळी पार्किंगमध्ये सराव केला. बाटलीशिवाय, नुसता पंप. शोध असा लागला की वायर पुढच्या सॉकेटपासून मागच्या उजव्या चाकापर्यंत पोचते, पण दार उघडं ठेवूनच. त्या दिवशी पावसात सीट का भिजली ते कळलं. पट्टीचा संच घेतला, एका भंगार टायरवर तीन वेळा करून बघितलं. तिसऱ्या वेळी सुई निघाली, मीही मागे पडलो. लेकीने व्हिडिओ काढलाय, तो इथे टाकणार नाही.

नट बोल्ट, लोखंडी रिम मिळालं, पुढे-मागे दोन्हीकडे बसवून बघितलं, जॅक आणि पाना पण घेतला. रोजच्या फिरण्यात चाक घरी राहील, लांबच्या प्रवासात मागच्या सीटच्या पायापाशी. म्हणजे तिथे एक माणूस कमी बसणार.

शनिवारी गणपतीला निघतोय, त्याच रस्त्याने. आईला हे सगळं सामान दाखवलं, चाक, जॅक, पंप, पट्ट्या. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही या सावकाश मागून. मी सकाळच्या श्रीवर्धन गाडीने जाते."